जवळचा नंबर

“हिचा तीळ कुठं गेला?” असं त्या गृहस्थांनी विचारलं तेव्हा मी एका बाळाच्या हनुवटीवरची लाळ पुसत होते. म्हणजे स्क्रीनवर, माऊसनं. आमच्या फोटो स्टुडिओत फोटोंवरचे डाग काढायचं, टचिंगचं टेबल काउंटरच्या मागेच आहे, मध्ये कमरेएवढी फळी, त्यामुळे गिऱ्हाईक मालकांशी काय बोलतं ते मला ऐकू येतं आणि गिऱ्हाइकाला माझी पाठ दिसते. त्या दिवशी प्रश्न मालकांना होता, पण लागला माझ्या पाठीला. ओरडून विचारला असता तर इतका लागला नसता. ओरडणाऱ्या गिऱ्हाइकाचं आम्ही मनावर घेत नाही. निम्मे लोक स्वतःचाच चेहरा बघून ओरडत असतात. हे गृहस्थ पंच्याहत्तरीच्या आसपासचे, गळ्यापर्यंत बटणं लावलेले, हळू बोलणारे. तीन आठवड्यांपूर्वी ते बायकोचा पोस्टकार्डाएवढा जुना फोटो मोठा करायला घेऊन आले होते. बायको जाऊन पस्तीस वर्षं झाली, संसार चार वर्षांचा, आणि फोटो हा एकच. मालकांनी स्कॅन केला, मी त्याच स्कॅनवर साफ केला, मोठा करून दिला; साफ केलेलाच तेवढा आमच्याकडे राहतो. आता मोठा आणि जुना असे दोन्ही फोटो काउंटरवर शेजारी ठेवून ते सांगत होते, “दोन दिवस भिंतीवर लावून बघितला. घरात कुणी परकी बाई येऊन बसल्यासारखं वाटत होतं. काय चुकतंय ते कळेना. मग लक्षात आलं. हिच्या डाव्या गालावर तीळ होता.”

मी उठले. जुना फोटो हातात घेतला, जवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ नेला. गालावर एक काळा ठिपका होता, खसखशीच्या दाण्याएवढा. होता हे खरं, पण मला तो नुसता ठिपका म्हणून दिसत होता. त्याला कड नव्हती की पोत नव्हता. मोठ्या फोटोत त्या जागी गुळगुळीत गाल. इतकी सफाई, की दुसऱ्या कुणी केलं असतं तर मी कौतुक केलं असतं. थोरल्या मालकांनी, म्हणजे आताच्या मालकांच्या वडिलांनी, सव्वीस वर्षांपूर्वी मला या टेबलाशी बसवलं तेव्हा पहिला धडा दिला तो हाच होता: जन्माचं ठेवायचं, नंतर येऊन बसलेलं काढायचं. तीळ, खळी, जन्मखूण, वाकडा दात, हे ठेवायचं. मुरूम, ओरखडा, घामाची चमक, कागदावरचा डाग, बुरशी, हे काढायचं. “डाग कुठला आणि माणूस कुठला ते आधी ठरव,” ते म्हणायचे, “ब्रश मग उचल. ब्रशाला अक्कल नसते.” तेव्हा खरोखरचे ब्रश होते, तीन केसांचे, आणि निगेटिव्हवर पेन्सिल चालायची. पुढे कॉम्प्युटर आला, मीही शिकले; थोरले मालक गेले, पण त्यांचा नियम टेबलावर राहिला. माझ्या हातून कुणाचं नाक सरळ झालं नाही की कुणाचा तीळ गेला नाही, हे मी आदल्या दिवसापर्यंत शपथेवर सांगितलं असतं.

“जुना फोटो ठेवून जा, दुरुस्त करून देतो,” मालक म्हणाले. गृहस्थांनी मान हलवली. “हा मी ठेवून जाणार नाही. शनिवारी घेऊन येतो. माझ्यासमोर करा.” त्यांनी फोटो रुमालात गुंडाळला, रुमाल खिशात ठेवला, खिशावर हात ठेवला आणि तसेच गेले. मालक माझ्याहून दहा वर्षांनी लहान, मला ताई म्हणतात, त्यामुळे रागावायची त्यांना सोय नाही. रागावले असते तर बरं झालं असतं. ते काउंटर पुसत म्हणाले, “ताई, डोळे एकदा दाखवून घ्या. शनिवारी काय ते होऊ दे, मग बघू. हल्ली चेहऱ्यांचं काम बाहेरची लॅबही करून देते. तुम्ही काउंटर बघायचं, बाकी सगळं तसंच.” बाकी सगळं तसंच, म्हणजे टेबल सोडून. मी बाळाकडे परत वळले, पण लाळ पुसवेना. उद्या याची आई येऊन म्हणाली, आमचं बाळ लाळ गाळायचं, ती कुठं गेली?

घरी चालत जाताना मनात एकच भुंगा होता. हा एक तीळ परत मागायला कुणी तरी आलं. आले नाहीत त्यांचं काय? शहरातल्या किती भिंतींवर मी पुसलेली माणसं टांगलेली असतील, आणि त्यांच्याखाली जेवणारे लोक काय चुकतंय ते न कळून नुसते अस्वस्थ होत असतील. दृष्टीआड सृष्टी म्हणतात, पण ही सृष्टी मी स्वतःच दृष्टीआड केलेली. आणि खरं सांगायचं तर मला कळत नव्हतं असंही नाही. दोन वर्षांपासून वर्तमानपत्र माझ्यापासून लांब लांब चाललं होतं. सुईत दोरा ओवायला मी नवऱ्याला हाक मारायची आणि तो ओवून देताना मोठा पराक्रम केल्यासारखा बघायचा. औषधाच्या बाटलीवरची बारीक अक्षरं मी अंदाजानं वाचायची. स्क्रीनवर सगळं मोठं करून बघता येतं, म्हणून काम निभत होतं. पण जवळचा नंबर काढायचा म्हणजे दोन भागांची काच, काचेत ती आडवी रेघ, आणि रेघेवरून समोरच्याला आपलं वय वाचता येतं. चाळिशी लोकांना चाळिशीत लागते. मी एक्कावन्नपर्यंत ती दारात उभी करून ठेवली होती. दुसऱ्यांचे चेहरे उजळणाऱ्या बाईला स्वतःच्या चेहऱ्यावरची एक रेघ जड जावी, यात हसण्यासारखं पुष्कळ आहे. पण तेव्हा मला हसू येत नव्हतं. जेवताना सगळं सांगितलं तर नवरा म्हणाला, “एक तीळ गेला. हजार मुरूम गेले, ते कुणी मोजले का?” त्याचं म्हणणं प्रेमाचं असतं, फक्त उपयोगाचं नसतं.

चष्म्याच्या दुकानात नणंद बरोबर आली. ती माझ्याहून चार वर्षांनी धाकटी, शाळेत मुलांना खेळ शिकवते, त्यामुळे तिचं कुजबुजणंही मैदानाच्या पलीकडे ऐकू जातं. “वहिनी, तू एकटी गेलीस तर पुन्हा तीच फ्रेम घेऊन येशील,” ती म्हणाली, आणि हे खोटं नव्हतं. मागच्या तीन वेळा मी तीच घेतली होती, तपकिरी, चौकोनी, कुणाच्या अध्यात ना मध्यात अशी. पण आधी डोळे तपासायचे. आतल्या अरुंद खोलीत डोळे तपासणाऱ्या बाईंनी माझ्या नाकावर ते लोखंडी जड बांडगुळ ठेवलं, एक डोळा झाकला आणि खटाखट काचा बदलायला लागल्या. “हे स्पष्ट की हे? एक की दोन?” लहानपणापासून मला या प्रश्नाची भीती वाटते. परीक्षेत निदान पुस्तक तरी असतं. इथं उत्तर फक्त आपल्यापाशी, आणि आपल्यालाच ते माहीत नाही. एक म्हणावं तर दोन वाईट होतं का? दोन म्हणावं तर बाई आधीच्या काचेकडे अशा का बघतायत? मी आजवर कितीदा समोरच्याचा चेहरा बघून उत्तर दिलं असेल, आणि ते चुकीचं उत्तर वर्षभर नाकावर घेऊन हिंडले असेन. त्या दिवशी मात्र मी ठरवलं होतं की दिसेल तेच सांगायचं. “दोन्ही सारखंच,” मी म्हणाले. बाई थांबल्या. मला वाटलं आता रागावणार. पण त्या म्हणाल्या, “सारखं असेल तर सारखंच सांगायचं. लोक उगाच काहीतरी निवडतात.” एवढ्या साध्या वाक्यानं माझे खांदे खाली आले. मग त्यांनी बारीक अक्षरांचा कागद हातात दिला, खाली आणखी एक काच सरकवली, आणि कागदावर मुंग्यांसारखी पसरलेली अक्षरं जाग्यावर येऊन बसली. “लांबचा पावानं वाढलाय, त्याचं काही नाही,” बाई लिहिता लिहिता म्हणाल्या. “जवळचा मात्र दोन आलाय. इतकी वर्षं काय करत होतात?” “हात लांब करत होते,” मी म्हटलं. बाहेरून नणंद हसली. तिला ऐकू जाणारच. मी विचारलं, “या नंबरानं एवढासा ठिपका दिसेल?” आणि बोटाच्या टोकावर दाखवला. बाई म्हणाल्या, “ठिपका आधीही दिसत असेल. आता तो कसला आहे ते दिसेल.” हे ऐकून मला बरंही वाटलं आणि नकोसंही, कारण शनिवारी तेच दिसणार होतं.

मग फ्रेम. डोळे चांगले असणाऱ्यांना ही गंमत माहीत नसते: ज्याला चष्मा लागतो त्याला चष्मा निवडताना दिसत नाही. माझा नंबर प्लसचा, पाचच्या वर. चष्मा काढला की आरशात एक लांबट फिकट काहीतरी असतं आणि त्याच्यावर दोन वर्तुळं कुणीतरी ठेवलेली असतात. नाकावर साध्या काचेची फ्रेम, समोर आरसा, आणि आत कोण आहे ते शेजारच्यानं सांगायचं. म्हणून माझा चेहरा जन्मभर दुसऱ्यांनी निवडला. पहिला वडिलांनी. मी सात वर्षांची होते, पाटीवरचं दिसत नाही म्हणून बाईंनी चिठ्ठी पाठवली होती. वडील बूट घ्यायचे ते एक माप मोठे घ्यायचे, पायाबरोबर वाढतील म्हणून. त्याच हिशोबानं त्यांनी चष्माही एक माप मोठा घेतला. “डोकं वाढणारच आहे तिचं,” त्यांनी दुकानदाराला समजावलं, आणि दुकानदारानंही गिऱ्हाईक कशाला तोडा म्हणून मान डोलावली. काळी, जाड, मोठ्या माणसाची फ्रेम. ती गालांवर टेकायची, हसले की वर जायची, वाकले की पडायची. मागून दोरी बांधली होती. प्लसच्या काचेतून डोळे मोठे दिसतात, त्यामुळे वर्गात माझं नाव घुबड पडलं. दोन वर्षांनी डोकं खरंच चष्म्याएवढं झालं तर नंबर बदलला. वडील त्या दिवशी इतके खट्टू झाले, की मला वाटलं चूक माझ्या डोळ्यांची आहे. आज त्यांची आठवण येते ती अशी, दुकानाच्या काउंटरवर ओणवे होऊन, माझ्याकडे डोळे बारीक करून बघताना. मला तेव्हा ते दिसत नव्हतं, कारण माझ्या डोळ्यांवर साधी काच होती. मला फक्त त्यांचा आवाज आला होता, “झकास.” चेहरा मी मागाहून भरला आहे. इतक्या वर्षांत तो इतका पक्का झाला आहे की आता काढू म्हटलं तरी निघणार नाही.

लग्नाच्या वेळी आईनं निवडली, सोनेरी तारेची, नाजूक. नवऱ्यानं मला पहिल्यांदा त्या चष्म्यात पाहिलं आणि मोठे डोळे बघून भाळला. लग्नानंतर मी पहिल्यांदा त्याच्यासमोर चष्मा काढला तेव्हा तो क्षणभर बघतच राहिला. नंतर कबूल केलं, की डोळे कुठं गेले असं त्याला वाटलं. लग्न ठरलं ते भिंगांशी, संसार झाला माझ्याशी. त्याला कुठलीही फ्रेम दाखवा, तो म्हणणार, “चांगली दिसतेय.” एकदा मी मुद्दाम उलटी घालून विचारलं, तरी चांगलीच दिसत होते. मुलीनं कॉलेजात असताना एकदा माझ्यासाठी निवडली, लाल, कोपरे वर गेलेली. ती मी आठ दिवस घातली आणि स्टुडिओत येणाऱ्या प्रत्येकानं आधी माझ्याकडे बघितलं, मग कॅमेऱ्याकडे. तिच्यानंतर ती तपकिरी, दुकानदारानंच पुढं केलेली. तिच्यात मला कुणीच बघत नव्हतं, आणि मला वाटायचं, हेच बरं.

नणंदेनं मात्र अवघड काम सोपं केलं. ती फ्रेम माझ्या नाकावर ठेवायची, दोन पावलं मागं जायची आणि फोनवर फोटो काढायची. दुकानातल्या गिऱ्हाइकांना कवायत चालल्यासारखं वाटत असणार. “हनुवटी वर. खांदे सोड. वहिनी, पासपोर्टचा फोटो नाहीये हा.” नऊ फोटो झाल्यावर मी माझा जुना चष्मा चढवला, स्टुलावर बसले आणि फोन हात लांब करून धरला. एका बाईचे नऊ फोटो. मी दिवसभर चेहरेच बघते, पण स्वतः नेहमी फळीच्या अलीकडे असते, फोटो काढून घ्यायला पलीकडे जात नाही, त्यामुळे मला त्या गिऱ्हाईक बाईची नीटशी ओळख पटेना. कपाळावर दिव्याची चमक होती, ती काढायला हवी. केसांच्या कडेला पांढरं होतं, ते ठेवायचं. ते तिचंच आहे. डाव्या डोळ्याखाली दोन फिकट तपकिरी ठिपके होते. मला वाटलं फोनची काच घाणेरडी आहे, मी पदराच्या टोकानं ती पुसली. पुन्हा बघितलं. पुन्हा पुसली. मग उजेडात धरून बघितली, आणि मला हसू फुटलं. ठिपके माझे होते. केव्हा येऊन बसले कोण जाणे. आरशात रोज बघते, पण आरशात आपण आपल्याला बघत नाही, भांग बघतो. “काय झालं?” नणंद म्हणाली. “काही नाही. बाई बरी आहे दिसायला,” मी म्हटलं. नणंद दोन फ्रेमांवर अडून बसली होती, दुकानदार तिसरीच पुढं करत होता, त्याच्या मते ती माझ्या चेहऱ्याला ‘उठाव’ देत होती. ऐकावं जनाचं, करावं मनाचं. मी चौथा फोटो बोटानं मोठा केला. वांग्याच्या रंगाची फ्रेम, गोलसर, भुवयांच्या जरा खाली. तिच्यात तो चेहरा लपत नव्हता आणि कुणावर धावूनही येत नव्हता. “ही,” मी म्हटलं. चव्वेचाळीस वर्षांत हा शब्द मी चष्म्याच्या दुकानात पहिल्यांदा उच्चारत होते, आणि तो तोंडात इतका छान बसला की मी परत म्हटलं, “हीच.” नणंद म्हणाली, “वांगं?” मग जरा थांबून, तिच्या मानानं अगदी हळू, “चांगली दिसतेयस गं.” काचा बिनरेघेच्या घेतल्या, वर लांबचं, खाली जवळचं, मधलं मध्ये. रेघ नको हा हट्ट तेवढा शिल्लक होता, तो मी पुरवून घेतला.

शुक्रवारी संध्याकाळी चष्मा मिळाला. दुकानाच्या दोन पायऱ्या उतरताना जमीन वर आली आणि मी दाराची कड धरली. दुकानदारानं बजावलं होतं, बघायचं तिकडे नाक न्यायचं, नुसते डोळे फिरवायचे नाहीत. दोन-चार दिवसांत सवय होते. म्हणून मी रस्ताभर नाकानं बघत गेले. झाडाला पानं होती, सुटी सुटी. समोरून येणाऱ्या माणसाच्या शर्टाचं दुसरं बटण वेगळ्या रंगाच्या दोऱ्यानं लावलेलं होतं. आमच्या जिन्याच्या कठड्यावर कुणीतरी खिळ्यानं काढलेली छोटी होडी होती. आम्ही त्या घरात सोळा वर्षं राहतोय, आणि ती होडी गंजावरून तितकीच जुनी वाटत होती. दार उघडून नवऱ्यानं माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, “कोण पाहिजे?” मी म्हटलं, “घरमालकीण आहे का?” “आहे, पण ती तपकिरी आहे,” तो म्हणाला, आणि आम्ही दोघंही उंबऱ्याच्या दोन बाजूंना उभे राहून हसलो. मग मी स्वयंपाकघरात गेले आणि ओट्याच्या कडेचा काळा थर बघून हसू थांबलं. रात्रीच्या भाताआधी तो घासून काढला. औषधाच्या बाटलीवरची अक्षरं वाचली, सुईत दोरा ओवला, परत काढला, परत ओवला. नवरा म्हणाला, “माझी नोकरी गेली.” तो गमतीनं म्हणाला, पण मला टेबल आठवलं. उद्या शनिवार. उद्या या चांगल्या डोळ्यांनी मला माझी चूक बघायची होती, अगदी कडेसकट.

गृहस्थ स्टुडिओ उघडायच्या आधीच दारात उभे होते. मालकांनी फळीच्या आत, माझ्या टेबलाशेजारी त्यांना खुर्ची दिली आणि स्वतः फळीला टेकून उभे राहिले. स्क्रीनवर ती बाई उघडलेली होती, साफ गालाची. गृहस्थांनी रुमाल उलगडला आणि फोटो माझ्या तळहातावर ठेवला, आणि तो सोडायच्या आधी क्षणभर थांबले. मी तो घेऊन खिडकीशी गेले. नव्या काचेच्या खालच्या भागातून बघायला हनुवटी जरा वर करावी लागते. आपण कुणाचा तरी पाणउतारा करतोय असं तोंड होतं. तशा तोंडानं मी त्या बाईकडे बघितलं. वीस-बावीस वर्षांची, मागे पडदा, फोटोवाल्यानं सांगितलं म्हणून सरळ बसलेली, आणि त्यानं आणखी काहीतरी सांगितलं म्हणून हसू दाबलेलं. कागदाला केसांसारख्या बारीक भेगा पडल्या होत्या, एक तिच्या गालावरून कानाकडे गेलेली. त्या भेगेवरच तो ठिपका. आता त्याला कड होती. मी फोटो उजेडात तिरका केला. सगळा कागद फिकट, बिनचमकीचा, आणि तो ठिपका तेवढा चमकला. काळा रंग ठिपक्यातून निघून भेगेत एका केसाएवढा पुढं धावला होता. तीळ भेगेत धावत नाही. मी फोटो आणखी तिरका केला. पडद्यावर दुसरा ठिपका चमकला. तिच्या खांद्याच्या खाली तिसरा, लहान. तिन्ही एका रेषेत. कुणीतरी कधीतरी अडलेलं शाईचं पेन झटकलं होतं.

मी खिडकीशीच उभी राहिले. तीन आठवड्यांपूर्वी मी हे तिन्ही काढले होते. मोठ्या फोटोत पडदा स्वच्छ होता, खांदा स्वच्छ होता, गाल स्वच्छ होता. पडद्यावरच्या ठिपक्याबद्दल कुणी विचारलं नाही. म्हणजे मी बघितलं होतं, ठरवलं होतं, आणि मगच ब्रश उचलला होता. आठवत नव्हतं एवढंच. माझी चूक झाली नव्हती. मला इतका आनंद झाला की फोटो दोन्ही हातांनी धरावा लागला. सव्वीस वर्षांच्या सगळ्या भिंती एकदम जागच्या जागी गेल्या, त्यांच्यावरची माणसं आपापल्या तिळांसकट. आता फक्त मागे वळायचं आणि म्हणायचं, हा तीळ नाही, शाई आहे, या, दाखवते. मालक फळीवरून बघत होते. टेबल माझंच राहिलं असतं, आणि वर आणखी मान मिळाला असता.

मी वळले. गृहस्थ माझ्याकडे बघत नव्हते. ते स्क्रीनवरच्या त्या साफ गालाकडे बघत होते, परक्याच्या घरी आलेलं माणूस बसतं तसे, खुर्चीच्या कडेवर. चार वर्षं ती समोर होती; चाळिशी नसलेल्या तरण्या डोळ्यांनी त्यांनी तिला बघितलं असेल. त्यानंतर पस्तीस वर्षं हा कागद. पेन कदाचित त्यांनीच झटकलं असेल, तिच्याच माहेरी पत्र लिहिताना. जन्माचं ठेवायचं, नंतर येऊन बसलेलं काढायचं. पण येऊन बसलेलं, तेही पस्तीस वर्षं बसलेलं, कुणीही ऊठ न म्हटलेलं? थोरले मालक असते तर त्यांना विचारलं असतं. ते नव्हते, आणि ठरवायचं मलाच होतं. एक की दोन? या वेळी दोन्ही सारखं नव्हतं. मला अगदी स्वच्छ दिसत होतं.

“काय आहे, ताई?” मालकांनी विचारलं.

“तीळच आहे,” मी म्हणाले. “माझा जवळचा नंबर वाढला होता. दिसला नाही मला. चूक माझी.”

हे बोलताना वाटलं तेवढं जड गेलं नाही. आत आनंद जसाच्या तसा होता, तो कुणाला दाखवायचा नव्हता म्हणून कमी झाला नव्हता. मालकांनी माझ्या चष्म्याकडे बघितलं. चुकीला कारण होतं, आणि कारणावर इलाज झालेला नाकावरच दिसत होता. “मग सोमवारच्या शाळेच्या फोटोतले चेहरे तुमच्याकडेच ठेवतो,” ते म्हणाले आणि काउंटरकडे गेले. मी टेबलाशी बसले, हनुवटी वर केली, आणि ब्रश खसखशीच्या दाण्याएवढा केला. सव्वीस वर्षांत मी कुणाच्या चेहऱ्यावर नवं काही ठेवलं नव्हतं, फक्त काढलं होतं. “तुम्ही सांगा कुठं,” मी गृहस्थांना म्हटलं. ते खुर्ची सरकवून पुढं आले.

“जरा वर. नाही, एवढं नाही. कानाकडे थोडा.” त्यांनी जुन्या फोटोकडे एकदाही बघितलं नाही. “हां. तिथं.”

मी ठिपका ठेवला आणि हात मागे घेतला. मग त्यांनी गळ्याचं वरचं बटण काढलं आणि खुर्चीला टेकून बसले. “आली,” ते म्हणाले. आणि थोड्या वेळानं, माझ्याशी नव्हे, स्क्रीनकडे बघत, “लाजायची फार त्या तिळाला. हात लावू द्यायची नाही. उन्हाळ्यात तर आणखी काळा दिसायचा, आणि हा फोटो उन्हाळ्यातलाच.”

मी तो एक छटा गडद केला.